नवस आईबापांचा, देह लेकराचा

(डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या स्मरणार्थ दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



डॉ. नरेंद्र दाभोलकर आधी डॉक्टर होते, मग चळवळीतले कार्यकर्ते झाले. देवाधर्माला आपला विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना या भूमिकेतला मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न मी घेणार आहे. समोर पैसे उकळणारा बुवा असेल तर त्याच्याकडे बोट दाखवायला फार विचार करावा लागत नाही. पण आजारी मूल आणि औषध यांच्या मध्ये त्याचे जन्मदाते आईबाप उभे असतील, त्यांचा त्या मुलावर जीव असेल आणि त्यांना अडवणारी गोष्ट त्यांची मनापासूनची श्रद्धा असेल, तर आपण काय करायचं?

हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. परळमध्ये केईएम आणि टाटा ही रुग्णालयं आणि हाफकिन संस्था जवळजवळ आहेत, आणि १९२९ पासून खास मुलांसाठी चालणारं वाडिया रुग्णालयही तिथेच आहे. तिथून चालत गेलं की लालबाग. गणपतीच्या दिवसांत नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणारे कितीतरी आईबाप आपलं मूल वॉर्डात ठेवून आलेले असतात. सकाळी केमो, संध्याकाळी रांग. त्यांना यात विसंगती दिसत नाही, आणि मलाही दिसत नाही. त्या रांगेतून त्यांना बळ मिळत असेल तर ते त्यांनी जरूर घ्यावं. अडचण सुरू होते ती ‘आधी देवाचं बघू, मग डॉक्टरचं’ असं घरात ठरतं तेव्हा. तान्ह्या बाळाची कावीळ ‘उतरवून’ आणण्यात चार दिवस जातात. आकडी येणाऱ्या मुलीला ‘बाहेरचं’ आहे म्हणून गंडा बांधला जातो आणि गोळ्या बंद होतात. गावाकडून निरोप येतो की कुलदैवताचं काही राहून गेलंय, आणि अर्धवट उपचारातलं मूल गाडीत बसवून नेलं जातं.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक उदाहरण गिरगावातलं आहे. साल १९०२. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी मुंबईत वकिलीचा जम बसवू पाहत होते. फोर्टात चेंबर घेतलं होतं, राहायला गिरगावात घर होतं. तिथे बिऱ्हाड लावलं न लावलं तोच दुसरा मुलगा मणिलाल तापाने पडला. तो दहा वर्षांचा होता. काही वर्षांपूर्वी त्याला देवी येऊन गेल्या होत्या. आता विषमज्वर, त्यात न्यूमोनिया, आणि रात्री वात. बोलावलेले पारशी डॉक्टर म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग होणार नाही. अंडी आणि कोंबडीचं सूप दिलं तर अंगात ताकद राहील. गांधीजींनी नकार दिला. मांसाहार वर्ज्य मानणं हा त्यांच्यासाठी धर्म होता, आणि जिवावर बेतलं असतानाच धर्माची परीक्षा होते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी निसर्गोपचारक कूने यांच्या पद्धतीचे जलोपचार सुरू केले. संत्र्याचा पातळ रस दिला. ताप १०४ पर्यंत चढला आणि उतरेना. एका रात्री त्यांनी मुलाला ओल्या चादरीत आणि वर घोंगडीत गुंडाळलं, कस्तुरबांना जवळ बसवलं आणि स्वतः चौपाटीकडे निघून गेले. रामनाम घेत, मनात शंका घेऊन फिरत राहिले. परतले तेव्हा मुलाला घाम फुटला होता. ताप उतरू लागला. पुढे चाळीस दिवस दूध-पाणी आणि फळांचा रस देऊन मूल बरं झालं.

गांधीजींनी आत्मकथेत हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं आहे. मूल कशाने वाचलं, देवाच्या कृपेने, पाण्याने की शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असंही ते तिथे म्हणतात. ही कथा आपल्याकडे बहुधा श्रद्धेचा विजय म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणांसाठी महत्त्वाची वाटते.

एक म्हणजे गांधीजींनी डॉक्टरांना तोडलं नाही. आपला नकार त्यांना स्पष्ट सांगितला आणि नाडी, छाती, फुप्फुसं तपासायला येत राहण्याची विनंती केली. डॉक्टरांनीही ती मानली. दुसरं म्हणजे गांधीजींनी मुलाला विचारलं आणि मुलानेही अंडी-सूप नको म्हटलं. इथे मात्र मी थबकतो. तापाने फणफणलेल्या दहा वर्षांच्या मुलाला वडील विचारतात तेव्हा त्याच्या उत्तरात त्याचं स्वतःचं किती असतं आणि वडिलांचं किती? गांधीजींनाही ही टोचणी होती. मोठा माणूस स्वतःचा निर्णय घेतो, इथे आपण मुलाच्या वतीने घेतो आहोत, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९०२ साली विषमज्वरावर औषधच नव्हतं. विश्रांती, आहार, ताप उतरवणं आणि शुश्रूषा हाच उपचार होता. डॉक्टर आणि वडील यांच्यातला वाद मुलाला काय खायला द्यायचं यापुरता होता. वडिलांच्या श्रद्धेने मुलापासून खात्रीचा कोणताही उपाय हिरावून घेतला नव्हता, कारण तो कुणाकडे नव्हताच. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर वापरात आलं आणि सगळं बदललं. आज एखाद्या बापाने प्रतिजैविक नाकारून मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं, तर त्याचं कृत्य बाहेरून गांधीजींसारखं दिसेल, पण त्याचा अर्थ अगदी वेगळा असेल. तेव्हा डॉक्टरचे हातही रिकामेच होते. आज त्या हातात औषध आहे.

म्हणून मला एवढंच म्हणायचं आहे: उपचाराची खात्री जितकी वाढते, तितका मुलाच्या देहावरचा आईबापांच्या श्रद्धेचा अधिकार कमी होत जातो. जिथे औषध निश्चित आहे आणि ते न दिल्यास मूल दगावणार किंवा अपंग होणार आहे, तिथे तो अधिकार संपतो. गांधीजींनी स्वतःच्या देहाबाबत काय केलं तेही पाहावं. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कैदेत असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला, आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी संमती दिली.

खात्रीबरोबर कर्तव्य कसं बदलतं, हे मुंबई शहराने एका रोगाच्या बाबतीत अगदी जवळून पाहिलं आहे. देवीचा रोग म्हणजे साक्षात शीतलामाता घरात आली, असं मानलं जाई. म्हणून औषध द्यायचं नाही, कडूनिंबाचा पाला ठेवायचा, घरात मोठ्याने बोलायचं नाही, सोवळं पाळायचं, थंड पदार्थांचा नैवेद्य दाखवायचा. ज्या काळी उपाय नव्हता त्या काळी या चालीरीतींत शहाणपण होतं. मुलाला विश्रांती मिळे आणि बाहेरची माणसं दूर राहत. पण १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानात गोस्तनदेवीची लस यशस्वीपणे घेतलेली ती पहिली व्यक्ती. बगदाद आणि बसऱ्यामार्गे आलेली लस तिच्या दंडावर धरली आणि तिच्यापासून पुढच्यांना दिली गेली. त्या दिवसापासून केवळ कडूनिंबाच्या पाल्यावर विसंबून राहणं निर्दोष राहिलं नाही.

लोकांनी विरोध केला, आणि तो सगळाच अडाणीपणाचा नव्हता. लस एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जायची. त्यात जात बाटण्याची भीती होती, तशी दुसरे रोग लागण्याची खरीखुरी भीतीही होती. पुढे वासरांपासून लस काढू लागले, तेव्हा गाईवर श्रद्धा असणाऱ्यांना यातना झाल्या. १८७७ साली मुंबई शहरात लहान मुलांना देवी टोचणं कायद्याने सक्तीचं झालं. शंभर वर्षांत चित्र पालटलं. २४ मे १९७५ रोजी भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. माहीमचं शीतलादेवीचं देऊळ मात्र आजही उभं आहे. आया आजही तिथे मुलांना घेऊन जातात, ओटी भरतात. रोग गेला आणि भक्ती राहिली. लस आली तर श्रद्धा बुडेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांना माहीमने उत्तर दिलं आहे.

मग नुसती सक्ती केली की काम भागतं का? भागत नाही, हेही मुंबईनेच शिकवलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मग घरझडत्या, विलगीकरण आणि रुग्णांना उचलून नेणं सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. तिथे गेलेला परत येत नाही, अशी त्यांची समजूत होती. ९ मार्च १८९८ रोजी जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगची शंका असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला घरातून नेण्याचा प्रयत्न झाला. घरच्यांनी विरोध केला आणि दंगल पेटली. परक्या पुरुषांनी घरात शिरून वयात येणाऱ्या मुलीला हात लावायचा, आणि तिला आईपासून तोडून न्यायचं! कोणत्या धर्माच्या घराने हे सहन केलं असतं?

यानंतर सरकारला धोरण सैल करावं लागलं. निरनिराळ्या जातीजमातींची स्वतःची प्लेग-रुग्णालयं निघाली होती, तिथे आपल्या माणसांच्या हातचं अन्नपाणी मिळे. रुग्ण तिथे जाऊ लागले. ज्यांच्या नावाची संस्था आज परळला आहे, त्या शास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरीही लोक घाबरत. तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान, वय अवघं विशीचं, यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. त्यांचे अनुयायी त्यांच्या पाठोपाठ लस घ्यायला आले. जे काम शिपायांच्या तुकड्यांना जमलं नव्हतं, ते एका विश्वासाच्या माणसाच्या दंडाने केलं.

पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी याच लशीची एक बाटली दूषित निघाली आणि १९ माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. वैद्यकाकडून चुका होतात, आणि त्या झाल्या की विश्वास पुन्हा पहिल्यापासून उभारावा लागतो. हे कबूल केल्याशिवाय कुणा आईला ‘आमच्यावर भरवसा ठेव’ म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

हा प्रश्न गरीब, अशिक्षित लोकांचा आहे असं कुणाला वाटत असेल, तर अमेरिकेकडे पाहावं. १९९८ साली सेथ ॲसर आणि रिटा स्वान यांनी ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने उपचार न मिळालेल्या मुलांचे १७२ मृत्यू त्यांनी तपासले. त्यांपैकी १४० मुलांचे आजार असे होते की उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. रिटा स्वान स्वतः अशाच एका पंथाच्या श्रद्धाळू अनुयायी होत्या. १९७७ मध्ये मेंदूज्वराने त्यांचं तान्हं मूल प्रार्थनेला फळ येण्याची वाट पाहता पाहता हातचं गेलं. उरलेलं आयुष्य त्यांनी इतरांची मुलं वाचवण्यासाठी वेचलं. १९४४ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आईबापांना स्वतः हुतात्मा होण्याचं स्वातंत्र्य आहे, मुलांना हुतात्मा करण्याचं नाही.

आपली राज्यघटना याबाबत संदिग्ध नाही. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्याची अट त्या कलमाच्या पहिल्याच वाक्यात आहे. मुलाच्या देहासाठी कायदा रूढीच्या आड येण्याची परंपराही जुनी आहे. १८९१ साली मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारा संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा धर्म बुडाला अशी ओरड झाली. त्याच वेळी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रांचेच आधार काढून कायद्याची बाजू मांडली. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला तेव्हा लोकांच्या स्मरणात ताजा होता. धर्माला विरोध न करता धर्मातूनच मुलीचा देह वाचवता येतो, हे भांडारकरांनी दाखवलं.

दाभोलकरांच्या हत्येनंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. या एका तरतुदीचं मोल मोठं आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास वाचत नाही. वेळेत लस दिली तर जवळपास नेहमी वाचतो. खात्रीचा उपचार म्हणजे काय, हे सांगायला याहून स्पष्ट उदाहरण नाही. पण हा कायदा मुख्यतः रोखणाऱ्या मांत्रिकाला धरतो. कुणीही न रोखता आईबापांनी स्वतःच उपचार टाळले, तर बाल न्याय कायदा, २०१५ याचं कलम ७५ आहे. मुलाची जबाबदारी असलेल्याने जाणूनबुजून हेळसांड केली, तर ते लागू होऊ शकतं. मेळघाटात आजारी बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंब्या’ची प्रथा अजून संपलेली नाही. २०२५ साली चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचं उघडकीला आलं. तिथे गुन्हा नोंदवणं आवश्यकच आहे. पण आरोग्य केंद्र जवळ असणं, आणि गावाचा ज्याच्यावर विश्वास आहे त्या भूमकाने, म्हणजे पारंपरिक वैदूने, बाळाला दवाखान्यात पाठवणं, हेही तितकंच आवश्यक आहे. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा पालिकेने वस्तीतल्या मौलानांची मदत घेतली. आगाखानांच्या वेळचा धडा सव्वाशे वर्षांनीही उपयोगी पडला.

जिथे औषधाची खात्री संपते, तिथली गोष्टही बोलली पाहिजे. काही मुलं बरी होणार नसतात. २०२५ साली इंदूरमध्ये मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या मुलीला संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं जैन व्रत, दिल्याची बातमी आली. त्या आईबापांच्या दुःखाचा न्याय करायला मी बसलेलो नाही. पण व्रत म्हटलं की संकल्प आला, संकल्प म्हटलं की समज आली. तीन वर्षांचं मूल संकल्प करू शकत नाही. मरणाच्या दारातल्या मुलाचा हक्क वेदनाशामकाचा, घोटभर पाण्याचा आणि आईच्या मांडीचा आहे. तिथेही आपली श्रद्धा आपल्यापाशी ठेवावी, मुलाच्या तोंडचा घास काढू नये.

कोणत्याही धर्माला असा घास नको आहे. रोजा आजाऱ्याला माफ आहे. यहुदी धर्मात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो. आपल्याकडे आपद्धर्म आहे. नवस बोलणारा स्वतः अनवाणी चालतो, स्वतः उपास धरतो. दुसऱ्याच्या देहाने फेडायचा नवस आपल्या परंपरेतल्या कुठल्या संताने सांगितला आहे? गाडगेबाबा कीर्तनातून नवस-सायास आणि बोकडाच्या बळींवर कोरडे ओढत, आणि लोकांना मुलांच्या शिक्षणाकडे, स्वच्छतेकडे, दवाखान्याकडे वळवत. त्यांच्या नावाची धर्मशाळा इथे दादरमध्ये आहे. टाटात उपचार घेणारी गावोगावची कुटुंबं तिथे राहतात. टाटामध्ये एके काळी कर्करोगाचे उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे वीस टक्के होतं. राहण्याची, जेवणाची, पैशांची आणि समुपदेशनाची सोय झाल्यावर ते पाच टक्क्यांच्या आत आलं. ‘देवाची मर्जी’ म्हणून गावी परतणाऱ्या कितीतरी बापांकडे खरं तर खोलीचं भाडं नव्हतं. श्रद्धेवर टीका करण्याआधी ते भाडं देता येतं का, हे पाहायला हवं.

आता शेवटचा आणि मुख्य मुद्दा. रुग्णालयात ‘डामा’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत असल्याच्या कागदावर सही करायची आणि निघायचं. प्रौढ माणसाने स्वतःसाठी डामा घेतला तर तो त्याचा अधिकार आहे. पण मुलाच्या बाबतीत सही बापाची असते आणि जीव मुलाचा जातो. ती सही झाली की रुग्णालय सुटतं, डॉक्टर सुटतो, बाप सुटतो. मूल सुटत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आजार जीवघेणा असेल आणि उपचार खात्रीचा असेल, तर मुलाच्या डामावर नुसत्या सहीने काम भागू नये. आधी एका ज्येष्ठ डॉक्टरने आणि समाजसेवा अधिकाऱ्याने आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलावं. त्यांना हवा असेल तर त्यांचा भटजी, मौलाना, फादर किंवा महाराज यांना बोलावून घ्यावं. अंगारा उशाशी ठेवू द्यावा, दंडातला ताईत निर्जंतुक करून बांधू द्यावा. पैसे ही अडचण असेल तर ती त्याच दिवशी सोडवावी. एवढं करूनही नकार कायम राहिला, तर बालकल्याण समितीला तिथल्या तिथे कळवावं, आणि रात्री-अपरात्रीही आदेश मिळेल अशी वाट न्यायालयाने आणि सरकारने आखून द्यावी. आदेश आल्यावर उपचार सुरू करावेत, आणि आईला मुलाच्या खाटेजवळून हलवू नये. १८९८ साली मुलीला आईपासून तोडून नेण्याचा प्रयत्न झाला होता. ती चूक पुन्हा करायची नाही.

या मागणीने कुणाचा धर्म लहान होत नाही. अठरा वर्षांचं होऊन ते मूल आईबापांचा धर्म मानेल, सोडेल किंवा दुसरा शोधेल. तो निर्णय त्याचा आहे. तो घेण्यासाठी त्याने अठरा वर्षांचं व्हायला हवं, आणि ते होऊ देणं ही आईबापांची, डॉक्टरांची, सरकारची आणि या सभागृहातल्या आपल्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.